दुचाकीतील खंडित इंधनपुरवठा : कारणमीमांसा व निदानपद्धती
(गडब परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

मोटारसायकल बंद पडणे आणि मोटारसायकल मधूनमधून बंद पडणे या दोन घटनांत मूलभूत फरक आहे. पहिल्या प्रकारात दोष सतत उपस्थित असतो व त्यामुळे तो शोधता येतो. दुसऱ्या प्रकारात तो रस्त्यावर प्रकट होतो आणि गाडी गॅरेजच्या दारात पोहोचेपर्यंत नाहीसा झालेला असतो. मग अंदाजाने उपचार सुरू होतात. प्रथम प्लग, नंतर इग्निशन कॉइल आणि अखेरीस संपूर्ण कार्बोरेटर बदलला जातो. खर्च वाढत राहतो आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो. या दोषामागे अनेकदा इंधनाचा अपुरा पुरवठा असतो. प्रस्तुत लेखात त्याचे स्वरूप स्पष्ट करण्याचा आणि तो मोजून कसा पकडता येईल हे सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

पेण तालुक्यातील गडब हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर, वडखळकडून नागोठण्याच्या दिशेने जाताना लागते. एका बाजूस धरमतर खाडीची खारी हवा व खारजमीन, दुसऱ्या बाजूस डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे ये-जा करणारी अवजड वाहतूक, आणि वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, अशी येथील परिस्थिती आहे. पेण, रोहे, नागोठणे येथे नोकरीसाठी वा शिक्षणासाठी जाणाऱ्यांपैकी अनेकांचा आधार दुचाकी हाच असतो. ट्रेलरला ओलांडत असताना इंजिनाने अचानक दम सोडणे ही अशा मार्गावर केवळ गैरसोय उरत नाही, त्यात जिवाचा धोका असतो.

मागणी आणि पुरवठा

कार्बोरेटर असलेल्या दुचाकीत टाकीतील पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने कॉक व नळीवाटे कार्बोरेटरच्या वाटीत उतरते. वाटीतील पातळी वाढली की फ्लोट वर उचलला जातो व त्याला जोडलेली सुई प्रवेशद्वार बंद करते. पातळी उतरली की द्वार पुन्हा उघडते. इंजिन प्रत्यक्षात टाकीतून नव्हे, तर या वाटीतून पेट्रोल घेते. वाटी हा लहानसा साठा असल्याने टाकीकडून येणारा प्रवाह कमी पडला तरी काही काळ चालकास त्याचा पत्ता लागत नाही. दोष मधूनमधून प्रकट होण्याचे रहस्य येथेच आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. १०० घनसेंटिमीटर क्षमतेची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने लिटरला ६० किलोमीटर जाते असे मानले, तर तिला तासाला १ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोल लागते. अर्धवट अडथळ्यामुळे टाकीकडून मिनिटाला केवळ १२ मिलिलिटर येत आहे आणि वाटीत २० मिलिलिटर साठा आहे असे धरू. मिनिटाला ५ मिलिलिटरची तूट येते आणि ४ मिनिटांत, म्हणजे ४ किलोमीटरवर, वाटी रिकामी होते. प्रत्यक्षात पातळी उतरताच मिश्रण विरळ होऊ लागते, त्यामुळे झटके त्याआधीच जाणवतात. चालक कडेला थांबतो. आता मागणी शून्य आहे, पण पुरवठा मिनिटाला १२ मिलिलिटर चालूच आहे. पावणेदोन मिनिटांत वाटी पुन्हा भरते. चालक किक मारतो आणि गाडी काहीच झाले नाही अशी सुरू होते.

याच गाडीवर कारागीर गावातील रस्त्याने ताशी ४० किलोमीटर वेगाने फेरी मारतो. या वेगात लिटरला ७० किलोमीटर धरले तर मागणी मिनिटाला साडेनऊ मिलिलिटरच्या आसपास राहते. ती पुरवठ्याहून कमी असल्याने या वेगात गाडी कितीही वेळ चालवली तरी दोष दिसणार नाही. ‘गाडी चांगली आहे’ हा कारागिराचा निर्वाळा आणि ‘महामार्गावर बंद पडते’ ही चालकाची तक्रार, दोन्ही एकाच वेळी खरी असतात. चालकाला संशयी आणि कारागिराला अकुशल ठरवण्याचे कारण नाही. दोघांनी वेगवेगळ्या मागणीवर एकच यंत्र पाहिलेले असते.

गॅरेजमधील रूढ चाचणीतही हीच उणीव आहे. नळी काढून कॉक उघडतात, पेट्रोलची धार दिसते आणि ‘पेट्रोल येतंय’ असा निष्कर्ष निघतो. परंतु पेट्रोल येते की नाही हा प्रश्नच येथे अपुरा आहे. मिनिटाला किती येते, आणि दहाव्या मिनिटालाही तितकेच येते काय, हे विचारावयास हवे.

झाकणातील छिद्र

प्रवाह काळानुसार मंदावण्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र. पेट्रोल खाली उतरेल तितकी हवा वर आत आली पाहिजे. खारी धूळ, चिखल वा झाकणाचा फुगलेला रबर यांनी छिद्र बुजले तर टाकीतील दाब घटत जातो. तो किती घटला म्हणजे प्रवाह थांबेल याचा हिशेब उद्बोधक आहे. टाकीतील पातळी वाटीहून २० सेंटिमीटर उंच असेल तर पेट्रोलच्या त्या स्तंभाचा दाब सुमारे १४५० पास्कल भरतो. वातावरणीय दाबाच्या तो दीड टक्काही नाही. टाकीतील हवेचा दाब एवढासा उतरला की गुरुत्वाकर्षणाचे काम संपते.

टाकी जवळजवळ भरलेली असून वर २ लिटर हवा असेल, तर छिद्र पूर्ण बंद असताना सुमारे ३० मिलिलिटर पेट्रोल उतरताच ही स्थिती येते. टाकी बरीच रिकामी होऊन वर ८ लिटर हवा असेल तर त्यासाठी ११५ मिलिलिटर उतरावे लागते. पेट्रोलचे बाष्प व स्तंभाच्या उंचीतील बदल धरल्यास हे आकडे काहीसे बदलतात, परंतु दिशा तीच राहते. म्हणून ‘टाकी फुल्ल केली की गाडी लवकर बंद पडते’ ही चालकाची विसंगत वाटणारी तक्रार हसण्यावारी नेऊ नये. ती निदानाचा फार मोलाचा दुवा आहे. इंजिन दम सोडू लागताच कडेला थांबून झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा फुसकारा ऐकू आला आणि गाडी लगेच पूर्ववत झाली, तर दोष झाकणात आहे असे समजण्यास हरकत नाही. याचा इलाज छिद्र साफ करणे इतकाच असतो. त्यासाठी कार्बोरेटर खोलण्याची गरज नाही.

गाळ, गंज आणि पाणी

पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत किल्लीच्या भोकातून वा झिजलेल्या रबरातून पाणी टाकीत शिरते. पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते व तेथील पत्रा गंजतो. कॉकची मुख्य नळी टाकीत उंच उभी असते, तर रिझर्व्हचे तोंड तळालगत असते. त्यामुळे ‘ऑन’वर नीट चालणारी गाडी ‘रिझर्व्ह’वर लावताच अडखळू लागली, तर तळाशी पाणी वा गाळ असल्याचा संशय बळावतो. गंजाचा पापुद्रा वाहत्या पेट्रोलबरोबर कॉकच्या जाळीवर येऊन चिकटतो आणि प्रवाह थांबताच गळून पडतो. विश्रांतीनंतर गाडी बरी होण्याचा हा दुसरा मार्ग. पाण्याचा थेंब मात्र वाटीपर्यंत पोहोचून जेटच्या तोंडाशी अडकतो. मुख्य जेटचे छिद्र एक मिलिमीटरहूनही लहान असते, हे लक्षात घेतले म्हणजे थेंबाचे सामर्थ्य कळते.

इथेनॉलविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. भारतात ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत सुरू झाला. २०२२ मध्ये १० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले आणि २०२३ पासून २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली. ‘इथेनॉलमुळे टाकीत पाणी होते’ असा सार्वत्रिक समज आहे. तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते तळाशीच साचत असे. १० टक्के मिश्रण मात्र सामान्य तापमानास सुमारे अर्धा टक्का पाणी सामावून घेते, म्हणजे १० लिटरमागे ५० मिलिलिटर. २० टक्के मिश्रणाची क्षमता याहून अधिक आहे. थोडे पाणी अशा रीतीने इंधनाबरोबर जळून जाते. मात्र मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी जाड थर करते, आणि हा थर साध्या पाण्याच्या थराहून मोठा असतो. रोज चालणाऱ्या गाडीत हा प्रसंग क्वचित येतो. गणपती वा शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या, एरवी पडवीत उभ्या असणाऱ्या गाडीत तो येण्याचा संभव अधिक. याखेरीज इथेनॉल टाकीतील जुना चिकट थर सैल करते व जुन्या प्रतीच्या रबरी नळ्या फुगवते. फुगलेली नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून अरुंद झालेली असते.

उन्हाळ्यात इंजिनालगतच्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडतो, हेही कारण सांगितले जाते. ते अशक्य नाही, परंतु गरमीच्या दिवसांत हे निदान फार घाईने केले जाते असे वाटते. नळी सिलिंडरला टेकलेली नसेल, तर आधी झाकण आणि जाळी पाहावी.

मोजमाप

वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून बाहेर येणारे पेट्रोल मोजपात्रात धरावे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील मोजपात्र यास उत्तम. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते व लहानशा ठिणगीने पेटते, म्हणून हे काम इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावे. पहिल्या अर्ध्या मिनिटातील पेट्रोल हिशेबात धरू नये, कारण त्यात वाटीतील साठा असतो. त्यानंतर सलग १० मिनिटे दर मिनिटाची नोंद घ्यावी. प्रवाह पहिल्यापासूनच कमी असेल तर कॉक, जाळी, नळी वा सुई यांत अडथळा आहे. आरंभी भरपूर असून क्रमाने घटत असेल आणि झाकण उघडताच पूर्ववत होत असेल, तर छिद्र बुजले आहे. कमी प्रवाह आढळल्यास नळी कार्बोरेटरच्या बाजूने काढून पुन्हा मोजावे. तेथे तो पुरेसा असेल तर दोष सुईपाशी, नसेल तर तिच्या वर. अशा रीतीने शोधाचा प्रदेश प्रत्येक वेळी निम्मा होतो. प्रवाह सर्वत्र आणि सर्व काळ मागणीच्या दुपटी-तिपटीने आढळला, तर वाटीच्या पुढे जेटकडे अथवा इग्निशनकडे वळावे.

इग्निशनमधील दोषही तापल्यावर प्रकट होतो व थंड झाल्यावर लपतो, त्यामुळे दोहोंची गल्लत होते. साधारणतः ठिणगी तुटली तर इंजिन एकाएकी थांबते. पेट्रोल कमी पडले तर ते अडखळत, हळूहळू दम सोडते आणि चोक ओढल्यास क्षणभर सावरते. अशा वेळी थ्रॉटल अधिक पिळण्याचा मोह होतो. त्याने वाटी अधिक लवकर रिकामी होते, म्हणून थ्रॉटल सोडून गाडी डाव्या कडेला घेणेच योग्य.

इंजेक्शनच्या गाड्या

१ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ निकष लागू झाल्यावर नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा बहुतांशी इंधन-इंजेक्शनने घेतली. येथे वाटी नाही. टाकीतील विद्युत पंप इंधन सुमारे ३ बार दाबाने इंजेक्टरकडे ढकलतो. त्यामुळे पुरवठा तुटला तर उसंत मिळत नाही, परिणाम तत्काळ होतो. जाळीत गाळ साचणे हे कारण येथेही आहेच, पण त्यात विजेची भर पडते. खाऱ्या हवेत कनेक्टरवर हिरवट गंज चढतो, पंपाला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही आणि दाब उतरतो. बहुतेक लहान गाड्यांत इंधनदाब मोजणारा संवेदक नसल्याने डॅशबोर्डवरील दिवा लागेलच असे नाही. किल्ली फिरवताच पंपाचा दोन-तीन सेकंद घुमणारा आवाज ऐकण्याची सवय असावी. गाडी बंद पडल्यावर तो आवाज आला नाही, तर पंप बदलण्यापूर्वी फ्यूज, रिले व कनेक्टर पाहून पंपाच्या टोकांशी व्होल्टेज मोजावा. टाकी नेहमी तळाशी ठेवून गाडी चालवण्याची सवयही पंपाला बाधते, कारण बहुतेक पंप ज्या पेट्रोलमध्ये बुडालेले असतात त्यानेच थंड राहतात.