जाम नदीकाठच्या पांदणी आणि ग्रॅव्हल सायकल

ग्रॅव्हल सायकलसाठी मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरसारखा मुलूख शोधून सापडणार नाही! पांढुर्ण्यातून निघालेली जाम नदी सौंसरकडे जाते आणि पुढे कन्हानला मिळते. खोरं सौम्य आहे, छाती फोडणारे चढ क्वचितच. खरी मजा आहे शेतांमधल्या पांदणींची. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, मधे गवत, एका बाजूला कपाशी आणि दुसरीकडे संत्र्याच्या बागा. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू असताना इकडे जरूर या.

टायर मात्र ४० मिमीच्या खाली नको. पावसाळ्यात काळी माती चाक आणि फोर्कमध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. वाटेत बाभळीचे काटे असतातच, त्यामुळे ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट भरपूर असू द्या.

मुक्कामाचं ठिकाण म्हणून मला सौंसरजवळचं जामसावळी आवडतं. तिथे पिंपळाखाली निजलेल्या हनुमानाची मूर्ती आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जामच्या पात्रातच गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, असते, तेव्हा त्या दिवशी शहरातून जाणारा मार्ग आखू नका. आणि ओलिताचे पाइप रस्त्यावर आडवे दिसले की उतरून सायकल उचला, त्यांच्यावरून चाक घालू नका.