गाडीचा विषमज्वर

जो ताप रोज ठराविक वेळी चढतो, त्याचे निदान करणे वैद्यास फारसे जड जात नाही. परंतु जो दोन दिवस येतो, चार दिवस दडी मारतो आणि वैद्य नाडी पाहावयास बसले की नेमका उतरलेला असतो, अशा विषमज्वरापुढे भल्याभल्यांची मती गुंग होते. यंत्रांच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. कायमचे बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे सोपे. कधी चालणारे आणि कधी न चालणारे यंत्र दुरुस्त करणे कठीण. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या जुन्या मोटारगाडीस असाच विषमज्वर जडला. त्या प्रसंगी गाडीच्या दोषापेक्षा आमच्याच विचारपद्धतीचा दोष अधिक उघडा पडला, म्हणून ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे कुटुंब साताऱ्यास राहते. घरात लहानथोर मिळून नऊ माणसे. गाडी १९९८ सालची, कार्बोरेटरची, हाताने चोक ओढावयाची. ती दादांनी, म्हणजे आमच्या वडील बंधूंनी, हौसेने घेतलेली असल्यामुळे विकण्याचा विषय कोणी काढीत नसे. दादांचे चिरंजीव नोकरीनिमित्त परगावी असतात, त्यामुळे गाडी बहुधा धाकट्या सूनबाईच चालवितात. बँकेत जातायेता घरची कामेही त्याच उरकतात.

आषाढातील एका रात्री साडेअकराच्या सुमारास दादांना एकाएकी दम लागला. सूनबाई छत्रीही न घेता धावत गाडीत जाऊन बसल्या आणि त्यांनी चावी फिरविली. ‘टक्’ असा एकच आवाज झाला आणि पुढे काही नाही. पुन्हा चावी, पुन्हा ‘टक्’. अंगणात चिखल आणि फाटकासमोर चढ असल्यामुळे धक्का मारण्याचीही सोय नव्हती. अखेर शेजाऱ्यांना उठवून रिक्षा आणविली. दवाखान्यात पोहोचण्यास पाऊण तास मोडला. ईश्वरकृपेने दादा सावरले. परंतु तो पाऊण तास आमच्या घरातील कोणीही विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी दोष कोणाचा याची चर्चा झाली. मागे एकदा सूनबाईंच्या हातून गाडीतील आतला दिवा रात्रभर चालू राहून बॅटरी उतरली होती. वहिनी म्हणाल्या, “पुन्हा तेच झालं असणार.” सूनबाई हळूच म्हणाल्या, “नाही हो आई, पुढचे दिवे लख्ख होते. चावी फिरवली तेव्हासुद्धा मंद झाले नाहीत.” यावर आम्ही, ज्याने पस्तीस वर्षे मुलांना पुराव्यावाचून विधान करू नये असे शिकविले त्याने, उत्तर दिले, “दिव्याला कितीशी वीज लागते? बॅटरीच उतरली आहे.” विषय तेथेच संपला. सूनबाई दुसऱ्या दिवसापासून बसने बँकेत जाऊ लागल्या.

नवी बॅटरी बसविली आणि गाडी पहिल्याच चावीला चालू झाली. आमचे म्हणणे सिद्ध झाले असे आम्ही मानले. नवव्या दिवशी बाजारात गाडी पुन्हा ‘टक्’ करून थांबली. गॅरेजवाल्यांनी गाडी गिअरमध्ये टाकून जराशी पुढेमागे हलविली, तशी ती चालू झाली. त्यावरून सेल्फचे दाते झिजून अडकतात असा निष्कर्ष निघाला. सेल्फ उतरवून दुरुस्त करून पुन्हा बसविला. दोन आठवडे गाडी निमूट चालली आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा रुसली. गॅरेजमध्ये नेली की मात्र दहापैकी दहा वेळा चालू होई.

येथे आम्हांस आपल्याच शास्त्रातील दोन न्याय आठवले, पण उशिरा आठवले. पहिला स्थालीपुलाकन्याय. भाताचे एक शीत चेपून साऱ्या हंडीची परीक्षा करावी, हा व्यवहार ठीक आहे. पण तो हंडीतील सर्व शिते एकाच विस्तवावर सारखी शिजतात म्हणून. अधूनमधून रुसणाऱ्या यंत्रास तो लागू पडत नाही. दहा वेळा चालू झालेली गाडी अकराव्या वेळेविषयी काहीच सांगत नाही. दुसरा काकतालीयन्याय. कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले, म्हणून कावळ्याच्या भाराने फळ पडले असे ठरत नाही. बॅटरी बदलली आणि गाडी चालू झाली, म्हणून बॅटरी दोषी होती असेही ठरत नाही.

आमचे एक जुने विद्यार्थी मोटारींच्या विजेचे काम करतात. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “सर, गाडी चालू असताना मला बोलावू नका. बंद पडेल तेव्हा बोलवा, आणि मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका. तोवर एक वही ठेवा.” ताप चढलेला असतानाच रोग्यास पाहावे, हेच सूत्र त्यांनी आमच्यापुढे ठेविले.

त्यांनी सांगितलेली पहिली पायरी अशी. ‘गाडी चालू होत नाही’ या एका वाक्यात दोन निराळे रोग असतात. चावी फिरविल्यावर इंजिन घर्र् घर्र् फिरते पण पेट घेत नाही, हा एक. आणि इंजिन मुळी फिरतच नाही, हा दुसरा. पहिल्या प्रकारात प्लगवर ठिणगी येते की नाही आणि पेट्रोल पोहोचते की नाही, हे पाहावे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमटपणा शिरणे, कॉईल तापल्यावर ठिणगी जाणे, उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलची वाफ होणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. दुसऱ्या प्रकारात प्लगला आणि कार्बोरेटरला हात लावण्याचे प्रयोजनच नाही. तेथे प्रश्न बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाणाऱ्या विजेचा असतो. आमचा रोग दुसऱ्या प्रकारचा होता.

दुसरी पायरी दिव्यांची. पुढचे दिवे लावून चावी फिरवावी आणि दिव्यांकडे पाहावे. दिवे एकदम मंदावले आणि ‘टकटकटक’ असा भराभर आवाज आला, तर बहुधा बॅटरी उतरलेली. दिवे साफ विझले, तर बॅटरीच्या टर्मिनलपाशी जोड सैल किंवा गंजलेला असण्याचा संभव. आणि दिवे होते तसेच लख्ख राहून सेल्फ मात्र हलला नाही, तर बॅटरीत वीज आहे, पण ती सेल्फला मिळत नाही. मग चावीचा स्विच, सॉलेनॉइड, सेल्फ स्वतः किंवा त्याच्या जाण्यायेण्याच्या तारा, यांपैकी कोठे तरी खोट असते. हे ऐकताच आमच्या मनात लख्खन प्रकाश पडला आणि मान खाली गेली. सूनबाईंनी पहिल्याच दिवशी हीच साक्ष दिली होती. साक्ष खरी होती. न्यायाधीशच तयार नव्हता.

आम्ही वही घातली आणि ती सूनबाईंच्या स्वाधीन केली. त्यांनी तिच्यात रकाने आखले : दिनांक व वेळ, हवा, गाडी किती वेळ उभी होती, इंजिन गार की गरम, चावीचा आवाज, दिव्यांची स्थिती, आणि कशाने चालू झाली. पाच आठवड्यांत सहा वेळा गाडी अडली. गार असताना तीनदा, गरम असताना तीनदा. म्हणजे उष्णतेशी संबंध नाही. सहाही वेळा दिवे लख्ख. सहाही वेळा गाडी किंवा इंजिन हलविल्यावर काम झाले. आणि शेवटच्या रकान्याखाली दोन ठिकाणी बारीक अक्षरात टीप : ‘तीन-चारदा चावी फिरविल्यावर जळक्या रबराचा वास. चोक ओढावयास जड.’ ही टीप आम्ही वाचली, पण तिचा अर्थ आम्हांस लागला नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी मात्र ती वाचताच वही मिटली आणि म्हणाले, “सर, अर्थिंग.”

त्याचा उलगडा असा. बॅटरीतून निघालेली वीज सेल्फमध्ये काम करून पुन्हा बॅटरीकडे परत यावी लागते. जाण्यासाठी जाड तार असते. परतण्यासाठी इंजिनाच्या लोखंडातून गाडीच्या सांगाड्यात आणि तेथून बॅटरीच्या ऋण टोकाकडे वाट असते. इंजिन रबराच्या टेकूंवर बसविलेले असल्यामुळे ते आणि सांगाडा यांना जोडणारी एक जाड पट्टी लावतात. दिव्यांची परतीची वाट थेट सांगाड्यातून आहे, तिला या पट्टीची गरज नाही. म्हणून पट्टी तुटली तरी दिवे लख्ख. सेल्फला मात्र छोट्या गाडीतही शंभर-दीडशे अँपियर वीज लागते. पट्टीच्या जोडात एका ओहमचा पन्नासावा भाग एवढा अडथळा जरी आला, तरी दीडशे अँपियरला तेथेच तीन व्होल्ट खर्ची पडतात, आणि बाराच्या बॅटरीत तीन व्होल्ट म्हणजे चौथा हिस्सा झाला. तुळशीवृंदावनाला पाणी घालावयास चोंदलेली नळीही पुरते. हौद भरावयाचा म्हटला की तिचे खरे रूप कळते.

परतीचा राजमार्ग बंद झाला की वीज आडवाटा शोधते. चोकच्या दोरीचे धातूचे वेष्टन एकीकडे कार्बोरेटरला आणि दुसरीकडे सांगाड्याला टेकलेले असते. तेवढ्याशा वेष्टनातून ती जाऊ पाहते, आणि ते तापून वरचे आवरण जळू लागते. जळका वास आणि जड चोक यांचे हेच कारण.

तरीही अनुमानावर थांबावयाचे नाही, असे आमच्या विद्यार्थ्यांनी बजाविले. गाडी हलविल्याने चालू होते, हे लक्षण झिजलेल्या सेल्फलाही जुळते आणि तुटक्या पट्टीलाही. म्हणून दोहोंना वेगळे करणारी परीक्षा हवी. सातव्या वेळी गाडी आमच्याच अंगणात अडली. कोणीही तिला हात लावला नाही. गिअर मोकळा व हातब्रेक ओढलेला आहे, याची खात्री करून त्यांनी व्होल्टमीटरचे एक टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले आणि सूनबाईंना चावी फिरविण्यास सांगितले. जोड चांगला असेल तर येथे अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसू नये. काटा चारच्या पुढे गेला! मग त्यांनी एक जाड जंपर केबल बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाला जोडली. गाडी पहिल्या चावीला चालू. बंद करून केबल काढली : ‘टक्’. पुन्हा लावली : चालू. असे तीनदा केले. कारण असता कार्य होणे हा अन्वय, आणि कारण नसता कार्य न होणे हा व्यतिरेक. दोन्ही डोळ्यांदेखत सिद्ध झाले. वैद्यकात ज्यास उपशय म्हणतात, म्हणजे उपचाराने आराम पडतो की नाही यावरून रोग ओळखणे, तोही हाच. आम्ही बॅटरी बदलली तेव्हा उपशयाचा अर्धाच भाग केला होता. जुनी बॅटरी परत लावून पाहण्याचे आमच्या मनातही आले नव्हते.

पट्टी काढली तेव्हा वरून धडधाकट दिसली. आवरण चिरल्यावर आतील तारा हिरव्या पडून तुटलेल्या, चार-दोन धागे काय ते शिल्लक. गॅरेजमध्ये मीटरने हीच पट्टी तपासून ‘ठीक’ म्हटले होते, आणि त्यात मीटरची चूक नव्हती. मीटर तपासणीसाठी अगदी थोडी वीज सोडतो. तेवढी एका धाग्यातूनही जाते. दीडशे अँपियरचा भार असतानाच जोडाची परीक्षा घ्यावी लागते. बॅटरी आणि सेल्फ बदलताना पट्टी ओढली-हलविली गेली, तुटके धागे काही दिवस एकमेकांना टेकले, आणि आम्ही त्यास गुण आला म्हटले.

नवी पट्टी बसविताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडले, बोल्टखालचा गंज व चिखल घासून धातू चकचकीत केला, आणि जोडावर थोडे ग्रीस लावले. पुन्हा मीटर लावला तेव्हा पाव व्होल्टही दिसला नाही. खर्च बॅटरीच्या दशांशाहून कमी. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी पावसाळ्यापूर्वी एवढी परीक्षा अवश्य करवून घ्यावी. मात्र बॅटरीजवळ ज्वाला किंवा ठिणगी येऊ देऊ नये, कारण तेथे पेट घेणारा वायू निघत असतो. आणि चालत्या इंजिनाजवळ पदर, उपरणे सांभाळावे.

त्या रात्री पाने मांडली असता आम्ही सर्वांसमक्ष सूनबाईंना म्हणालो, “आमचे चुकले. तुम्ही सांगत होता ते आम्ही ऐकून घेतले नाही.” वहिनींनी काही न बोलता त्यांच्या पानात आधी वाढले. दादा आपल्या जागेवरून म्हणाले, “उद्या बसनं जाऊ नकोस गं.” सूनबाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “काका, पुढच्या वेळी दिवे कसे होते, हे आधी विचारा.”

वही अजून गाडीत आहे. तिच्यात गेल्या चार महिन्यांत नवी नोंद झालेली नाही.