लांब नळी, अचूक नेम?

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. या प्रकारासाठी .२२ पिस्तूल निवडताना नळी लांब तेवढा नेम अचूक, असे नवोदितांना वाटते. हे अर्धसत्य आहे.

एवढ्या अंतरावर नळी दोन-तीन सेंटिमीटरने लांब वा आखूड असल्याने गोळीच्या अचूकतेत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पुढच्या व मागच्या साइटमधील अंतराने. हे अंतर २२० मिलिमीटर असताना पुढची साइट एक मिलिमीटर ढळली, तर गोळी लक्ष्यावर सुमारे ११४ मिलिमीटर सरकते. अंतर १८० असल्यास सुमारे १३९. अचूकता फेरीत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ५० मिलिमीटर असतो.

मात्र लांब नळीने पिस्तुलाचे वजन पुढे झुकते. जलद फेरीत लक्ष्य प्रत्येक गोळीसाठी तीनच सेकंद समोर असते. तेवढ्यात हात उचलून जड टोक स्थिर करणे कठीण जाते. नियमानुसार नळी १५३ आणि साइटमधील अंतर २२० मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. या मर्यादेत राहून, दोन्ही फेऱ्यांत हाताला पेलणारा तोल शोधणे हीच खरी निवड होय.