एक्सप्लेनर : स्पर्धेतल्या रोबोटला दोन गिअर कशासाठी?

अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’मध्ये सामना जेमतेम अडीच मिनिटांचा. तेवढ्यात शाळकरी मुलांनी बनवलेल्या रोबोटला मैदानभर पळायचं असतं आणि आडव्या आलेल्या प्रतिस्पर्ध्याला रेटायचंही असतं. एकाच गिअरमध्ये दोन्ही नीट जमत नाही.

गणित काय?
‘सीआयएम’ मोटर मोकळी असताना मिनिटाला सुमारे ५३०० फेरे घेते. चाक ४ इंची धरलं, तर ६:१ गुणोत्तराला वेग सेकंदाला साधारण ४.७ मीटर, १५:१ ला १.९ मीटर. घर्षण सोडलं तर वेग जितक्या पटीनं घटतो, तितक्याच पटीनं जोर वाढतो. इथे अडीच पट.

गिअर बदलतो कसा?
दोन्ही जोड्यांचे दाते कायम एकमेकांत अडकलेले असतात. हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर शाफ्टवरचा ‘डॉग’ सरकवतो. तो ज्या गिअरमध्ये बसेल, तोच गिअर शाफ्ट फिरवतो.

‘लो’ गिअर किती ठेवायचा?
रेटताना मोटर अडण्याआधी चाकं कार्पेटवर घसरली पाहिजेत. नाहीतर मोटर करंट खेचत राहतात, १२० अँपिअरचा मुख्य ब्रेकर ट्रिप होतो आणि रोबोट भर सामन्यात ठप्प!

मग सगळेच का लावत नाहीत?
वजन आणि सुटे भाग वाढतात. नव्या ब्रशलेस मोटरना करंटची मर्यादा सॉफ्टवेअरमधूनच घालता येते. त्यामुळे अनेक संघ आता एकाच गिअरवर भागवतात.