तुटलेली अकिलीस शीर : अडीचशे वर्षांचा मागोवा

पोटरीचे स्नायू खाली उतरत एकत्र येतात आणि सुमारे 15 सेंटिमीटर लांबीच्या एका जाड कंडरेने टाचेच्या हाडाला जोडले जातात. हीच अकिलीस टेंडन किंवा अकिलीस शीर, आपल्या शरीरातली सर्वांत मजबूत कंडरा. चवड्यावर उभे राहणे, जिना चढणे, उडी मारणे, सगळे हिच्या जोरावर चालते. धावताना तर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण ती झेलते. अशी शीर तुटली तर काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या अडीचशे वर्षांत अनेकदा बदलले. आज ते बरेच स्थिरावले आहे आणि प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे.

त्याआधीचा काळ भीतीचा होता. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत या शिरेची इजा जीवघेणी मानली जाई. गेलनने कंडरा आणि मज्जातंतू यांची गल्लत केली आणि कंडरेला सुई लावली तर आकडी येते, असा समज पुढे शतकानुशतके टिकला. 1752 मध्ये आल्ब्रेख्ट फॉन हालरने प्रयोग करून कंडरेला फारशी संवेदना नसते असे दाखवले, तेव्हा कुठे या समजाला मोठा धक्का बसला.

त्यानंतर 1767 मध्ये लंडनचे नामवंत सर्जन जॉन हंटर यांची स्वतःचीच अकिलीस शीर नाचताना तुटली. त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली नाही. टाच उंच ठेवून, पाय बांधून ते हिंडू-फिरू लागले. मग त्यांनी कुत्र्यांची हीच शीर कातडीखालून कापून ती कशी जुळते, याचा अभ्यास केला. तुटलेल्या टोकांमधली जागा नव्या तंतूंनी भरून येते, हे त्यातून दिसले. ही शीर मुळात स्वतःहून जुळू शकते, हा पुढच्या सगळ्या उपचारांचा पाया ठरला.

एकोणिसाव्या शतकात याच गुणाचा उलटा उपयोग झाला. हॅनोव्हरचे सर्जन स्ट्रोमायर वाकड्या पावलाच्या रुग्णांची आखडलेली शीर लहानशा छेदातून मुद्दाम कापत. 1836 मध्ये त्यांनी विल्यम लिटल या तरुण इंग्लिश डॉक्टरचे पाऊल असेच सरळ केले आणि लिटल यांनी ही पद्धत इंग्लंडमध्ये नेली. आज आपल्याकडेही जन्मतः वाकडी पावले असलेल्या बाळांवर पोन्सेटी पद्धतीने उपचार होतात. त्यात बहुतेक बाळांची ही शीर बारीक छेदाने कापतात आणि साधारण तीन आठवड्यांच्या प्लास्टरमध्ये ती पुन्हा जुळून येते.

तुटलेली शीर टाके घालून जोडायला मात्र भूल आणि जंतुनाशन दोन्ही हाती यावे लागले. 1888 मध्ये फ्रान्सच्या पोलेयाँ यांनी केलेली दुरुस्ती आधुनिक काळातली पहिली मानली जाते. 1929 मध्ये पॅरिसच्या केन्यू आणि स्टॉयानोविच यांनी अशा रुग्णांवर विनाविलंब शस्त्रक्रिया करावी, असा आग्रह धरला. नंतरची कित्येक दशके बऱ्याच सर्जनांनी तोच मार्ग धरला.

या शस्त्रक्रियेत रुग्णाला पालथे झोपवतात. छेद मधोमध न घेता किंचित आतल्या बाजूला घेतात, कारण बाहेरच्या बाजूने पावलाच्या कडेला संवेदना देणारा मज्जातंतू जातो. आवरण उघडले की शिरेची दोन्ही टोके उसवलेल्या सुंभासारखी पिंजारलेली दिसतात. पाऊल खाली झुकवून ती जवळ आणतात. दोन्ही टोकांत घट्ट अडकणारा टाका घालतात. 1986 मध्ये क्रॅकाऊ यांनी मांडलेला टाका त्यासाठी सर्रास वापरला जातो. ताण बरोबर साधणे हेच खरे कसब. शीर सैल राहिली तर पोटरीचा जोर कायमचा कमी होतो. शेवटी पातळ आवरण जपून शिवतात, कारण शिरेला रक्त बऱ्याच अंशी त्यातूनच मिळते.

पण टाचेमागची कातडी पातळ आणि तिचा रक्तपुरवठा बेताचा. जखम चिघळणे, जंतुसंसर्ग होणे, हे त्रास दिसू लागले. म्हणून 1970च्या सुमाराला ली आणि स्मिथ यांनी टाके न घालता, पाऊल खाली झुकवून आठ आठवडे चालत्या प्लास्टरचा पर्याय मांडला. 1977 मध्ये मा आणि ग्रिफिथ यांनी बारीक छिद्रांतून टाके घालण्याची रीत दाखवली. त्यात जखमेचा त्रास घटला, पण बाजूचा मज्जातंतू टाक्यात सापडण्याचा धोका वाढला.

निवाड्याच्या जवळ आपण अलीकडे आलो. 2010 मध्ये कॅनडातल्या विलिट्स आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या, अशा दोन्ही गटांना लवकर हालचाल करायला व पायावर भार द्यायला लावले. दोन्हींच्या निकालात फारसा फरक उरला नाही. 2022 मध्ये नॉर्वेतल्या 526 रुग्णांच्या चाचणीतही वर्षभरानंतर पायाची क्षमता सारखीच आढळली. शस्त्रक्रियेविना ठेवलेल्यांत 6.2 टक्के शिरा पुन्हा तुटल्या, शस्त्रक्रिया झालेल्यांत 0.6 टक्के, मात्र मज्जातंतूची इजा शस्त्रक्रिया झालेल्यांत जास्त. म्हणजे आतल्या आत तुटलेल्या ताज्या शिरेसाठी दोन्ही वाटा खुल्या आहेत. रुग्णाचे वय, काम, खेळ, मधुमेह, धूम्रपान पाहून डॉक्टर आणि रुग्णाने मिळून ठरवावे. व्यायामाला मात्र कोणत्याच वाटेवर पर्याय नाही.

या चाचण्यांत न सामावणारे आपल्याकडचे रुग्ण वेगळे. पाय घसरून भारतीय पद्धतीच्या संडासाच्या भांड्यात गेला आणि फुटलेल्या चिनी मातीच्या कडेने शीर कापली गेली, सायकलच्या आऱ्यांत लहान मुलाची टाच अडकली, विळा किंवा काच लागली. अशा जखमांत प्रश्न उरतच नाही. जखम स्वच्छ धुऊन शीर जोडायलाच हवी. नुसती कातडी शिवून रुग्णाला घरी पाठवले, तर आतली शीर तुटलेलीच राहते.

दुसरा गट उशिरा येणाऱ्यांचा. शीर तुटताना मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटते, वळून पाहावे तर मागे कुणी नसते. दुखणे थोड्या दिवसांत ओसरते आणि इतर स्नायू पाऊल हलवत राहतात, त्यामुळे घरचे मुरगळ समजून चोळत बसतात. 2013 मध्ये अमेरिकन बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटने शीर तुटल्यावरही उभे राहून दोन फ्री थ्रो टाकले होते. पाऊल टाकता येते म्हणजे शीर शाबूत, असे मुळीच नाही. महिने उलटले की टोके लांब सरकतात. मग पोटरीकडचा भाग इंग्रजी व्ही आकारात कापून खाली ओढावा लागतो किंवा अंगठा वाकवणारी कंडरा टाचेत बसवावी लागते. पाय सुधारतो, पण ऑपरेशन मोठे होते आणि बरे व्हायला वेळ लागतो.

हे टाळण्याची तपासणी क्षणभराची आहे. रुग्णाला पालथे झोपवून पोटरी दाबायची. पाऊल हलले नाही तर शीर तुटली आहे. सिमंड्स यांनी ती 1957 मध्ये सांगितली, थॉम्पसन यांनी 1962 मध्ये. म्हणून टाचेमागे अचानक कळ आली, खळगा जाणवला किंवा त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना, तर मालिश करू नका. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. टाचेमागच्या कापलेल्या जखमेला टाके पडण्याआधी ‘आतली शीर पाहिली का?’ असे डॉक्टरांना जरूर विचारा.