यादी झाली, पण सही कुणाची?

आपल्याकडं सुपारी फुटली की यादी आलीच. दोन्हीकडची मोठी माणसं सतरंजीवर बसतात, एकजण वहीच्या पानावर वर 'श्री' काढतो आणि मानपान, भांडी, कपडे, सोनं किती तोळे, मंगल कार्यालय कुणाकडं, हे सगळं लिहून कागदाला हळदकुंकू लागतं. खर्च झेपत नसला की लोक 'यादी पे शादी' करून त्याच दिवशी मोकळे होतात. गेल्या उन्हाळ्यात मामेबहिणीच्या यादीला मी लातूरजवळच्या गावी होतो. अडीच तास चर्चा चालली. जिचं लग्न होतं ती आत पोहे करत होती, ज्याचं होतं तो बाहेर मोबाइल बघत होता. कागदावर सगळ्यांच्या सह्या होत्या, फक्त या दोघांच्या नव्हत्या.

गंमत म्हणजे कायद्यालाही एक यादी हवी असते. हुंडाबंदी कायदा 1961 चा. त्याखालचे 1985 चे नियम सांगतात की, लग्नात आलेल्या भेटवस्तूंची यादी ठेवायची. वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कुणी दिली, देणाऱ्याचं नातं काय, हे लिहायचं. नवरीला मिळालेल्या वस्तूंची यादी नवरीनं ठेवायची, नवऱ्याला मिळालेल्यांची नवऱ्यानं आणि सह्या दोघांनी करायच्या. म्हणजे आपल्या यादीच्या बरोबर उलटं. अर्थात, मागून घेतलेलं यादीत लिहिलं म्हणून हुंड्याची भेट होत नाही. मागणं हाच गुन्हा आहे.

हे हसण्यावारी न्यायचं नाही. 2017 मध्ये आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या तरुण लेकीनं लग्नाच्या खर्चापायी जीव दिला. बापाकडं पैसा नाही, कर्ज मिळत नाही, असं तिनं चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं. त्यानंतर कितीतरी यादीचे कागद लिहिले गेले असतील.

आता सोनं. मामानं सराफाकडं गेल्यावर मला विचारलं, "पावती कुणाच्या नावानं फाडायची रे?" मी म्हटलं, तिच्याच नावानं. स्त्रीधनावर मालकी फक्त बायकोची, हे सुप्रीम कोर्टानं 1985 मध्ये सांगितलं आणि 2024 मध्ये पुन्हा सांगितलं. नवऱ्यानं अडचणीत ते वापरलं तर परत करायची जबाबदारी त्याची. आपल्याकडं पेरणीला, बोअरला, दिराच्या ॲडमिशनला गळ्यातलं मोडतात आणि पुढं कुणी विषय काढत नाही. पावती आणि दागिन्यांचे फोटो असले की निदान विषय काढता येतो. निकाहनाम्यात मेहर लिहिलेली असते, तीही बायकोच्याच हक्काची. ती रक्कम नुसती रीत म्हणून लिहू नका.

खरा घोळ जमिनीचा आणि घराचा. बायोडाटात 'पाच एकर बागायती' असं झोकात लिहिलेलं असतं, पण लग्न झालं म्हणून सातबाऱ्यावर बायकोचं नाव आपोआप चढत नाही. गोव्यात वेगळं आहे. तिथं पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते. आपल्याकडं ज्याच्या नावावर त्याचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली, तेव्हा नवऱ्यांनी स्वखुशीनं बायकोच्या नावावर जमीन केली. 1992 मध्ये सरकारनंही त्यासाठी परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज केला की त्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून बायकोचं नाव लागू शकतं. तलाठ्याला एकदा विचारून बघा, तो तुमच्याकडं कसा बघतो ते.

उलट बाजूही आहे. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत भावाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रानं 1994 मध्ये सुरुवात केली, 2005 मध्ये देशभर झालं. लग्नानंतर मात्र तिच्यापुढं हक्कसोडपत्र येतं. सही करायची की नाही हा तिचा प्रश्न, पण वाचून तरी करावी. आणि ज्या नवऱ्याला बायकोचा माहेरचा वाटा हवा असतो, त्यानं आपल्या बहिणीला काय दिलं हेही सांगावं.

पुण्यात नोकरी करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. फ्लॅट त्याच्या नावावर, कर्ज दोघांच्या नावावर, हप्ता तिच्या पगारातून. पुढं काडीमोड झाला तरी बँक दोघांनाही धरते, कोर्टाचा निकाल बँकेला बांधत नाही. त्यामुळं हप्ता भरताय तर खरेदीखतावरही नाव हवं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, 2021 पासून. नॉमिनीचंही असंच. 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगांवकरांच्या कुटुंबातला वाद सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा 2023 मध्ये कोर्टानं सांगितलं की शेअर्सचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ते वारसांकडंच जातात. म्हणून नॉमिनी तर लावाच, शिवाय मृत्युपत्रही करा.

जमलंच नाही तर? हिंदू विवाह कायद्यात बौद्ध, जैन, शीखही येतात. संमतीनं घटस्फोट घ्यायचा तर आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, मग अर्ज, मग सहा महिने थांबणं. ही सहा महिन्यांची अट कोर्ट माफ करू शकतं, असा 2017 चा निकाल आहे. पोटगीत दोघांनाही आपली कमाई, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं. हा नियम नागपूरच्या एका जोडप्याच्या प्रकरणातून 2020 मध्ये आला. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून तारखा लांबवून फायदा नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर लातूर आणि नांदेडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन 15100.

आणि लग्नाची नोंदणी! ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडं किंवा महापालिकेत, साक्षीदार घेऊन. पत्रिका आणि फोटो आहेतच की, असं म्हणून लोक टाळतात आणि पासपोर्टच्या वेळी धावतात.

मामेबहिणीचं पुढं काय झालं? लग्नाच्या आठ दिवस आधी तिनं आणि त्यानं व्हॉट्सॲपवर स्वतःची वेगळी यादी केली. कुणाचं शिक्षणाचं कर्ज किती, कोण कुणाच्या आईबापाला महिन्याला किती पाठवणार, गाडी कुणाच्या नावावर. मामाला दाखवली तेव्हा तो म्हणाला, "हे आमच्या वेळी असतं तर तुझी मामी मला पळवूनच लावली असती." मामी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, सातबाऱ्याचा तो अर्ज कसा लिहितात म्हणून.