ऑनलाइन जुगार: तौबा केली, आता पुढे काय?

जुगार म्हटला की पूर्वी पत्त्यांचा डाव किंवा सट्टापट्टीची चिठ्ठी डोळ्यासमोर यायची. त्यासाठी घराबाहेर पडावं लागायचं, लोक बघायचे, निदान त्यांची तरी लाज वाटायची. आता जुगार खिशात आहे. इशाची नमाज झाल्यावर पांघरुणात मोबाइल उघडला की कुणालाच कळत नाही. धानाचे चुकारे किंवा महिन्याचा पगार खात्यावर येतो आणि दोन रात्रींत संपतो. घरी कळतं ते मात्र कर्जवाला दारात उभा राहिल्यावर.

हे दूरच्या शहरांतलं आहे असं कुणी समजू नये. 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग असलेल्या गोंदियात जुलै 2023 मध्ये नागपूर पोलिसांनी एका संशयित बुकीच्या घरी छापा टाकून कोट्यवधींची रोकड आणि सोने-चांदी जप्त केली. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात 58 कोटी रुपये गमावल्याची तक्रार दिली होती. तक्रारीनुसार व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली, खात्यात आधीच 8 लाख रुपये दिसले, सुरुवातीला जिंकणंही झालं. मग हरणं सुरू झालं, ते थांबलंच नाही. रक्कम सोडा, पद्धत बघा. पाचशे रुपयांनी सुरुवात करणाऱ्या पोरालाही याच पायऱ्यांनी खाली नेलं जातं.

माणूस अडकतो कसा? प्रत्येक वेळी हरला असता तर चार दिवसांत त्याने नाद सोडला असता. पण मधूनच, कधी ते न कळता, जिंकायला मिळतं. ‘थोडक्यात हुकलं’ असं वाटत राहतं. मग गेलेले पैसे परत मिळवायला आणखी लावायचे. खरा नाश इथेच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या व्यसनाची नोंद आजारांच्या यादीत केली आहे. म्हणून ‘याला अक्कल नाही’ किंवा ‘ईमान कमजोर आहे’ एवढं बोलून घरच्यांनी हात झटकू नयेत. सूरह अल-माइदाच्या 90 आणि 91 व्या आयतींत दारू आणि जुगार यांचा उल्लेख एकत्र आला आहे. दोन्ही माणसाला सारखेच जखडतात. आमच्या खुतब्यांमध्ये जुगार हराम असल्याचं सांगितलं जातं, आणि ते सांगायलाच हवं. पण सुटायचं कसं, हे फार कमी वेळा सांगितलं जातं.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, त्यात बंद केले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. ड्रीम11 ने पैशांच्या स्पर्धा लगेच बंद केल्या. तरी टेलिग्रामवरून परदेशी साइटच्या लिंक फिरतातच, त्यामुळे निव्वळ बंदीवर विसंबून चालणार नाही. कामाची गोष्ट ही की या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. ‘मदत मागितली तर आपणच अडकू’ या भीतीने गप्प बसलेल्यांनी हे लक्षात घ्यावं.

सोडायचं ठरवलं की पहिल्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सगळं सांगा, अम्मी, बीवी, मोठा भाई, कुणीही. कर्जाचा खरा आकडा सांगा, निम्मा नको. काही महिने पगाराचं खातं आणि एटीएम कार्ड त्याच माणसाकडे द्या, यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घ्या. अ‍ॅप काढलं तरी ग्रुप राहतात, तेही सोडा. बेटब्लॉकर नावाचं एक मोफत अ‍ॅप आहे. ते जुगाराच्या साइट बंद करतं आणि ठरवलेली मुदत संपेपर्यंत सहजासहजी हटवता येत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत झोप लागत नाही, चिडचिड होते. खेळायची हुक्की लाटेसारखी येते आणि अर्धा तास काढला तर बहुतेक वेळा ओसरते. तेवढ्यात उठा, वुजू करा, बाहेर पडा, ठरवलेल्या दोस्ताला फोन लावा. पगाराचा दिवस, आयपीएलची रात्र आणि घरातलं भांडण या वेळा धोक्याच्या असतात. त्या आधीच ओळखून ठेवा. मधे एकदा पाय घसरला तर लपवू नका, त्याच दिवशी सांगा. लपवलेली एक चूक पुन्हा महिनाभर खेळवते.

टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलते. जीव नकोसा वाटत असेल तर क्षणाचाही उशीर न करता हाच नंबर लावा, आणि त्या माणसाला घरच्यांनी एकटं सोडू नये. भंडाऱ्यात जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची सेवा मिळते, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे, तेव्हा मोहल्ल्यात बोभाटा होईल या भीतीने थांबू नका. ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्याचा फोन आला तर तो दुसरा ठग समजा. फसवणूक झाली असेल तर 1930 वर तक्रार करा.

कर्जाचं काय? घरच्यांनी जमीन विकून एकरकमी रोख त्याच्या हातात ठेवणं सगळ्यात घातक, असं आमचं मत आहे. पैसे थेट देणेकऱ्याला द्या, तेही हप्त्यांनी. विनापरवाना सावकार छळत असेल तर 2014 च्या सावकारी कायद्यानुसार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. जकातीच्या आठ हकदारांमध्ये कर्जदारही आहेत (सूरह अत-तौबा, आयत 60). मात्र गुनाहपायी झालेल्या कर्जाबाबत उलमांनी तौबेची अट सांगितली आहे. मशिदीच्या बैतुलमालमधून काही करायचं असेल तर मुफ्तीसाहेबांना विचारून, नाव झाकून, रक्कम परस्पर देणेकऱ्याला पोहोचवावी.

1957 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ एका साध्या गोष्टीवर चालते: जुगार सोडलेला माणूस सोडू पाहणाऱ्याच्या सोबत बसतो. आपल्या तालुक्यांतही जुम्यानंतर दोन-तीन जणांना असं बसता येईल. त्याला ना हॉल लागतो, ना बॅनर. फक्त तिथलं बोलणं बाहेर जाता कामा नये.